वाफेला वाट

बाईंनी दार उघडायला फार वेळ लावला. उघडलं तेही अर्धंच.

"नवनाथ, आज नको रे. घर आवरलेलं नाही."

नवनाथला हसू आलं. उमाबाईंचं घर आणि आवरलेलं नाही? वहीचा समास वाकडा आखला म्हणून चौथीत त्याला तासभर उभं करणाऱ्या बाई त्या. त्याच्यामागे डोंबिवलीचे सबनीस उभे होते. त्यांना पळसदरीच्या धरणाजवळ घर बांधायचं होतं. शेजारचे सहा प्लॉट त्यांच्या मित्रांचे होते. ती सगळी छपरं आपल्या हातून व्हावीत, म्हणून बाईंचं छप्पर दाखवायला नवनाथ त्यांना मुद्दाम इथे घेऊन आला होता.

खोपोलीपासून नेरळपर्यंत त्याने कितीतरी छपरं घातली होती, पण या छपराची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये जुनी कौलं उतरवून त्याने मधे फोम भरलेले जाड पत्रे टाकले होते. भिंत आणि पत्रा यांच्यातली फट न् फट बुजवली होती. जुन्या खिडक्यांच्या जागी रबर लावलेल्या सरकत्या काचा आल्या होत्या. बाहेर अंगाची लाही होत असताना आत साध्या पंख्यावर भागायचं. बाईंसाठी केलेलं काम. त्यात उणं राहून कसं चाललं असतं?

"दोनच मिनिटं, बाई," म्हणत त्याने दार ढकललं.

आधी कुबट वास नाकात गेला. मग त्याने वर पाहिलं. पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांवर थेंबांच्या रांगा लटकत होत्या. कोपऱ्याकोपऱ्यात भिंती बुरशीने काळ्या झाल्या होत्या. पलंगाशेजारी बादली होती आणि पलंगावर बाईंचे यजमान, तात्या, तक्क्याला टेकून बसले होते. खोकून खोकून त्यांचे डोळे लाल झाले होते.

"गळतंय की हे," सबनीस म्हणाले.

"नाही हो," बाई घाईघाईने म्हणाल्या. "जळमटं काढताना मीच ओल्या फडक्याने पाइप पुसले. नवनाथचं काम चोख आहे."

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. नवनाथनेही पाहिलं. जन्मभर शाळेत खऱ्याचा आग्रह धरलेल्या बाई खोटं बोलत होत्या, आणि ते त्यांना जमत नव्हतं.

तो शिडी लावून छपरावर चढला. एकेक स्क्रू, एकेक जोड त्याने बोट फिरवून पाहिला. सगळे घट्ट होते. कालपासून पाऊसही उघडला होता. पाणी वरून येत नव्हतं. खाली उतरताना त्याची छाती फुगली. आता सबनीसांना ठणकावून सांगायचं, छप्पर गळत नाय म्हणून. माणसं ओले कपडे घरात वाळवतात, त्याला मी काय करू?

आत दोरीवर तात्यांचे सदरे आणि बाईंच्या साड्या खरंच वाळत होत्या. गॅसवर तात्यांच्या वाफाऱ्याचं पाणी उकळत होतं. सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि काचा आतून निथळत होत्या.

"बाई, तुमी खिडक्या उघडतच नाय का?"

बाई गॅस बारीक करायला वळल्या. तात्याच बोलले.

"तीन आठवडे झाले, तिने दार-खिडकी उघडलेली नाही. शेजारणीलासुद्धा घरात घेत नाही. म्हणते, कुणी पाहिलं तर आपल्या नवनाथचं नाव खराब होईल."

नवनाथची नजर पुन्हा छताकडे गेली. कौलं होती तेव्हा भाताची, न्हाणीची वाफ फटींतून आपोआप निघून जायची. कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. त्या सगळ्या फटी त्यानेच शोधून शोधून बुजवल्या होत्या.

तो सबनीसांकडे वळला.

"साहेब, छप्पर गळत नाय. पण चूक माझीच हाय. मी ऊन अडवलं, आन त्याच्याबरोबर घरातली वाफबी कोंडून ठेवली. ती गार पाइपावर बसते आन पाणी होऊन पडते."

"मग हे पत्रे काढावे लागणार?"

"पत्रे राहणार. उन्हाळ्यात तेच पाहिजेत. वाफेला तेवढी वाट द्यायची राहिली. वर दोनी बाजूंना झरोके पाडतो, न्हाणीत आन गॅसजवळ बाहेर हवा फेकणारे पंखे लावतो. हे मी तवाच करायला पाहिजे होतं."

सबनीसांनी घड्याळ पाहिलं. "बरं. कळवतो तुम्हाला," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

नवनाथने ती गाडी जाताना पाहिली. मग टेंपोतून पत्रा कापायचा ग्राइंडर काढला.

छपराच्या टोकाखालचा तिकोनी पत्रा त्याने एप्रिलमध्ये दोन दिवस खपून बसवला होता. कुठे सूतभर फरक नव्हता. पात्याचा पहिला चरका बसला तेव्हा त्याला आपलीच बोटं कापल्यासारखं झालं. बाईंनी खाली शिडी धरली होती. पहिला तुकडा निघाला, मग समोरच्या टोकाचा. दोन्हीकडे त्याने जाळी ठोकली. पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून तिरक्या पट्ट्या बसवल्या. मग खाली उतरून त्याने खिडक्या सरकवल्या.

दोरीवरची साडी हलली. वारा खालून आत शिरून वरच्या झरोक्यांतून बाहेर पडू लागला. तात्यांनी मान वर करून एक लांब श्वास घेतला. खोकला आला नाही. त्यांनी आणखी एक घेतला.

बाई दार सताड उघडून अंगणात गेल्या. पदर खोचून त्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी शेजारणींना आवाज दिला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज.

"अंबूबाई! समिधा, अगं ए समिधा! या गं सगळ्या! आमच्या नवनाथने स्वतःच्या छपराला भोकं पाडलीत, बघायला या!"