छातीवरचं नाव

कोरोनाची चाचणी दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आल्यावर मालन सिस्टरला तिच्याच वॉर्डात खाट मिळाली, गिरजाआजींच्या शेजारची. आजींनी तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कशा? तीन आठवडे तिने त्यांना घास भरवले ते पीपीई किट घालून. चेहरा कधी दिसलाच नव्हता, दिसायचं ते फक्त किटवर मार्करने लिहिलेलं नाव.

दुपारी किटमधली एक सिस्टर आजींचं ताट घेऊन आली. तिच्या छातीवर लिहिलं होतं, ‘मालन’.

मालन बघतच राहिली. चालीवरून तिने सोबतच्या सिस्टर शकिलाला ओळखलं. शकिला वाकून तिच्या कानाशी पुटपुटली, “तू आजारी आहेस हे कळलं तर आजी जेवायच्या नाहीत. म्हणून जिची ड्युटी, ती तुझं नाव लिहिते.”

शकिला पुढच्या खाटेकडे गेल्यावर आजी शेजारणीकडे वळल्या.

“ही मालन नाही हं. मालन आधी माझ्या कपाळाला हात लावते, मग ताट उघडते. पुन्हा आजारी पडली असणार बिचारी. पण या पोरी माझ्यासाठी एवढं सोंग करतात, तर मी जेवते आपली. परत आल्यावर मी खंगलेली दिसले, तर रागावेल ती.”

मालन कशीबशी उठली आणि आजींच्या कपाळावर हात टेकवला.

आजींचा घास हातातच राहिला.

“केवढा तापलाय गं हात तुझा,” त्या म्हणाल्या, आणि तोच घास तिच्यापुढे धरला. “आ कर बघू.”