चपलांची राखण

"तू इथंच बसायचं. चपला सांभाळायच्या," सिंधू मेश्राम बाईंनी वसुधाला सांगितलं.

चौथीची बाकीची मुलं सुरूच्या झाडांमधून ओरडत समुद्राकडे पळत सुटली होती. नागपूरहून रेल्वे आणि एस.टी.नं दोन दिवस प्रवास करून आलेली ही मुलं. सक्करदऱ्याच्या तलावाहून मोठं पाणी त्यांतल्या कित्येकांनी पाहिलं नव्हतं. वसुधानं एक पाय चपलेतून बाहेर काढलेला होता. तिनं तो पुन्हा आत घातला आणि वाळूत बसली.

"किती वेळ, बाई?"

"मी सांगेपर्यंत."

बाई पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मुलं पाणी जिभेवर घेऊन थुंकत होती. "बाई, खरंच खारट हाय!" बाईंनी मागं वळून पाहिलं. वसुधा ताठ बसली होती. ती केव्हा रडते, याची बाई वाट पाहत होत्या.

बावीस वर्षांपूर्वी बाई स्वतः चौथीत होत्या. तेव्हाची सिंधू गजभिये. शाळेची सहल तीन दिवस रामटेकला मुक्कामी गेली होती. सगळी मुलं तलावात उतरली, आणि मुख्याध्यापक दत्तोपंतांनी तिला एकटीला पायरीवर बसवलं. चपला सांभाळायला. तिन्ही दिवस. आदल्याच वर्षी तिच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दत्तोपंतांच्या लेखी त्यानं काहीच बदललं नव्हतं.

तेच दत्तोपंत परवा काठी टेकत नागपूर स्टेशनावर आले होते, नातीला सोडायला. "बाई, आमच्या वसुधाकडे लक्ष असू द्या," हात जोडून म्हणाले. "महिनाभर नुसता समुद्र समुद्र चाललाय तिचा." त्यांनी बाईंना ओळखलं नाही. गाडी सुटायच्या आतच बाईंचं ठरलं होतं.

मुक्काम गावातल्या शाळेत होता. दिवसा मुलं कापलेली भातशेतं बघायची, नारळाच्या वाड्या बघायची, वहीत लिहून घ्यायची. तिथं वसुधा सगळ्यांबरोबर असायची. बाई तिच्याशी गोड बोलायच्या, पानात पोळी आग्रहानं वाढायच्या. संध्याकाळ झाली की समुद्र, आणि वसुधापुढं चपलांचा ढीग.

दुसऱ्या दिवशी कौसल्या नावाची मुलगी ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन तिच्याकडे धावत निघाली. पोचेपर्यंत सगळं सांडून गेलं. वसुधानं तिचा ओला तळहात चाटून पाहिला आणि दोघी हसल्या.

"कौसल्या, इकडे ये!" बाई ओरडल्या.

स्वयंपाकाला बरोबर आलेल्या चपराशी अंजनाबाई हे बघत होत्या. त्या बाईंजवळ आल्या. "बाई, त्या पोरीले काहून बसवून ठेवलं? काय केलं तिनं?"

"शिस्त लागते थोडी."

"एकटीलेच?"

बाई पाण्यातली मुलं मोजू लागल्या. अंजनाबाई चुलीकडे निघून गेल्या.

तिसरी संध्याकाळ शेवटची होती. बाई झाडांखाली आल्या तेव्हा वसुधानं सगळ्या चपलांचे जोड लावून ठेवले होते. ती अजूनही रडलेली नव्हती.

"बाई, मी काय केलं?"

हा प्रश्न त्यांनी स्वतः कधी कुणाला विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती. का बसवलं, हे त्यांना नवव्या वर्षीच ठाऊक होतं. ह्या पोरीला ठाऊक नव्हतं. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"घरी गेल्यावर आजोबांना विचार," त्या म्हणाल्या.

ऊन अजून होतं. पाणी पन्नास पावलांवर होतं. वसुधा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंनी गळ्यातली शिट्टी वाजवली आणि मुलांना पाण्याबाहेर बोलावलं.

नागपूरला गाडी सकाळी पोचली. दत्तोपंत फलाटावर उभेच होते. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग? केवढा आहे गं समुद्र?"

"मी पाण्यात गेलेच नाही. तिन्ही दिवस चपला सांभाळत बसले होते."

"का?"

"ते तुम्हाला विचारायचं, असं बाई म्हणाल्या."

दत्तोपंतांनी वर पाहिलं. बावीस वर्षं बाईंनी हे मनात म्हणून पाहिलं होतं; आता त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मी सिंधू गजभिये. सत्तावन्न साली तुमच्या शाळेत चौथीत होते. रामटेकच्या सहलीत तीन दिवस तुम्ही मला पायरीवर बसवलंत. सगळे पाण्यात होते."

दत्तोपंतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि बाईंकडे निरखून पाहिलं. ते खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते. ते खोटं बोलत नाहीत, हे बाईंना दिसत होतं.

"गजभिये..." ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही हो आठवत. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात राहतं, बाई?"

वसुधानं आपली वळकटी उचलून काखेत घेतली. पाठ करायचा धडा वाचावा तसा तिनं बाईंचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहून घेतला.

"माझ्या राहील," ती म्हणाली.