कुठलं बोट?

"डोळे मीट," डॉक्टर धुरंधर म्हणाले. "आता सांग, कुठलं बोट?"

लवूने डोळे मिटले. डॉक्टरांनी टाचणी त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लावली, मग करंगळीला, मग तळव्याला, जरा दाबून.

"लावा की," लवू म्हणाला.

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली आणि सुभद्रेकडे वळून विचारलं, "जेवणात काय असतं याच्या?"

"भात. कधी सुकट."

"तुमच्या कोकणातला उकडा, तांबडा?"

"तो गावाला, डॉक्टर," लवू मध्येच म्हणाला. "इथं आम्ही पांढराच खातो. गिरणीत दोन माग आहेत माझ्या हाताखाली."

"आणि तांदूळ धुता किती?"

"पाणी निवळ होईपर्यंत," सुभद्रा अभिमानाने म्हणाली.

"वरची पेज?"

"ती खळीला. ह्यांच्या सदऱ्याला."

"म्हणजे सदरा ताठ आणि पाय लुळे." डॉक्टर हसले नाहीत. "सुया देतो मी, पण खरं औषध तुझ्या चुलीवर आहे, बाई. उकडा तांदूळ, पेजेसकट. मोडाचे मूग, कुळीथ, मूठभर शेंगदाणे. आणि रोज असं बोटांना टोचून विचारत जा."

"बरे होतील ना?"

"नसा मेल्या नसतील तर."

लालबागच्या त्या खोलीत दोघांचाच संसार. गावकरी बुधाजी बोटीने आला तेव्हा त्याने सुभद्रेच्या सासूने दिलेला उकडा तांदूळ आणला. एका माणसाला पाडव्यापर्यंत पुरेल एवढाच होता. घरात पांढऱ्याची अर्धी गोण पडून होती. ती टाकून कोण देणार? सुभद्रेने दोन चुलखंडांवर दोन भात सुरू केले. त्याचा उकडा, पेजेसकट; आपला पांढरा, धुऊन निवळ. मूग, कुळीथ त्याच्या ताटात, आपल्याला मीठ आणि सुकटीची डोकी. आपल्या भातावरची पेज अजूनही खळीला जाई. तो कामावर जाईल त्या दिवशी सदरा ताठच हवा होता.

"माका काय म्हातारो समाजलंस गो?" लवू वाडग्याकडे बघून म्हणे. "पेज पाजतंस ती?"

"गप खावा."

संध्याकाळी दिवा लागला की ती केरसुणीतली एक काडी उपसायची. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, ती पायाला लावायची, म्हणून आधी काडी कपाळाला टेकवायची. मग विचारायची, "कुठलं बोट?"

"कायच कळणा नाय."

पौष महिना असाच गेला. मराठी राज्याच्या मागणीवरून शहरात गोळीबार झाला, संचारबंदी लागली, रस्त्यावर कुत्रंही दिसेना. चाळीतले पुरुष नंतर मोर्च्याला गेले तेव्हा लवू गॅलरीच्या कठड्याला धरून घोषणा देत राहिला. जिना उतरणं त्याच्याने होत नव्हतं. सगळे गेल्यावर तो तिथेच खाली बसला. सुभद्रेने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

गिरणीतला मुकादम सीताराम येऊन गेला. भला माणूस, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "होळीपर्यंत तुझ्या जागी बदलीवाला चालवीन, लवू. पुढं माझ्या हातात नाही रे."

त्याच आठवड्यात नळावर शेजारच्या सुंदराबाईने सुभद्रेचा हात धरला.

"गो, डाव्या पायातलं जोडवं खंय तुझं?"

सुभद्रेने खाली पाहिलं. बोट मोकळं होतं. कधी निसटलं, कुठे निसटलं, तिला आठवेना.

"इतकं घट्ट होतं नि कळलं नाय तुका?" सुंदराबाईने आवाज खाली केला. "घरात सांगू नको. त्यांच्या जिवाला घोर लागेल."

सौभाग्याचं लेणं पायातून जावं, तेही नवरा असा पडलेला असताना. हंडा घेऊन वर येताना दोनदा ठेचकाळली. मोरीजवळ उभी राहून तिने गावच्या सातेरीदेवीला साकडं घातलं. हे आपल्या पायांनी गिरणीत जाईपर्यंत मी एकवेळ जेवीन. सकाळी नुसता गुळाचा चहा.

जोडव्याच्या जागी बोटाला सुती दोरा बांधला आणि लुगडं जरा खाली नेसायला लागली.

एकभुक्ताने ती वाळली. जिन्यावर भिंत धरावी लागायची. सुंदराबाई म्हणे, "पुरे गो आता, पडशील." ती म्हणे, "ते उभे राहूंदेत."

शिमगा चार दिवसांवर आला. सुभद्रेने त्या संध्याकाळी काडी उपसली ती सवयीने. कपाळाला टेकवली, लवूच्या पायाला लावली. विचारायचंही विसरली.

"मधला," लवू म्हणाला.

ती थांबली. दुसऱ्या बोटाला लावली.

"करंगळी. अगो, हळू. दुखता."

तिने काडी टाकली आणि पदर तोंडाला लावला. तो भिंतीला धरून उभा राहिला, चुलीपर्यंत गेला, परत आला. पाऊल अजून फेंगडं पडत होतं, पण पडत होतं.

"उद्या सीतारामाक सांगून ये," तो म्हणाला. "सोमवारी येतंय म्हणान."

"सदरा काढून ठेवलाय," ती म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर पाय पसरून बसली, भिंतीला टेकून.

लवूला चेव आला. त्याने जमिनीवरची काडी उचलली आणि तिच्यासारखीच कपाळाला टेकवली.

"आता तुझी पाळी गो. मीट डोळे."

"इश्श, काहीतरीच."

"मीट म्हणतंय ना."

तिने डोळे मिटले. लवूने काडी तिच्या डाव्या अंगठ्याला लावली. मग करंगळीला. मग तळव्याला, जरा दाबून.

"लावा की," सुभद्रा हसत म्हणाली.