सोयीपुरता जपान

जपानीच्या पुस्तकातलं वर्ग झाडणाऱ्या मुलांचं चित्र मुख्याध्यापकांनी मोठं करून नोटीस बोर्डावर लावलं. खाली लिहिलं, ‘आजपासून आपली शाळाही जपानसारखी!’ आणि सफाईवाल्या मावशींना घरी बसवलं. मावशींची मुलगी जपानीत नेहमी पहिली यायची. आज तोच धडा वाचताना तिच्या तोंडून शब्द फुटेना. जपानीच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीला घेऊन त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. “धडा तुम्हीच शिकवलात ना, बाई? मग चिडता कशाला?” मुख्याध्यापक हसले. “मी अख्खा शिकवला. तुम्ही सोयीपुरता कापून लावलात!” बाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. चित्राच्या उरलेल्या भागात बाह्या दुमडलेला माणूस जिना झाडत होता. “हा कोण? शिपाई?” मुख्याध्यापकांनी विचारलं. “वाच गं,” बाई म्हणाल्या. मुलीने खालची ओळ अर्थासकट खणखणीत वाचली: “आमचे मुख्याध्यापक रोज जिना झाडतात.”