दुसरा ठोका

“पुन्हा,” ऑरेली काझाल्बू म्हणाली. समोरच्या म्हाताऱ्याने डावा हात उचलला. उजवा, पक्षाघातापासून, मांडीवर नुसता ठेवलेला होता.

वाचोपचार करताना वाचा गेलेल्यांकडून ती शब्द असेच गिरवून घेई: दर अक्षराला, म्हणजे उच्चाराच्या दर तुकड्याला, टेबलावर बोटाचा एक ठोका, आघात असेल तिथे जोराचा. ही रीत तिने प्रथम याच माणसाकडे पाहिली होती. शुद्ध फ्रेंचसाठी नावाजलेल्या तूर शहरातल्या उच्चारशाळेत मस्यू देलोर्म पेन्सिलीने ठोके देत. रेडिओवर बातम्या वाचायच्या म्हणून दक्षिणेतल्या बेझिएहून आलेली ऑरेली ‘पार्ल’, म्हणजे ‘बोलते’, या एका अक्षराच्या रूपाला दक्षिणेच्या चालीने लहानसे शेपूट लावी: पार्-ल. भरल्या वर्गात ते म्हणाले होते, “एकच ठोका, मादमोझेल. दुसरा कोणासाठी? कोंबड्यांसाठी?” वर्ग हसला. वर्षअखेरीस त्यांनी तिला नापास केले. रेडिओ तिथेच संपला.

ते वाक्य तिने वीस वर्षे धार लावून ठेवले होते. आज परत करायचे होते. त्यांची एक चूक पुरे होती.

“पार्ल,” ती म्हणाली.

दोन ठोके पडले. पहिला जोराचा, दुसरा हलका.

हात थरथरत असावा. तसे असेल तर जादा ठोका कुठेही पडायला हवा. तिने ‘पार्लों’ दिले, ‘आम्ही बोलतो’: दोन अक्षरे, दोन ठोके. ‘फिनी’, ‘संपवते’: दोन अक्षरे, दोन ठोके. पुन्हा ‘पार्ल’. पुन्हा दोन. शेपूट नेमके तिथेच येत होते, जिथे तिच्या गावात येते. मेंदूला इजा झाली की बालपणीची बोली वर येते, असे तिने वाचले होते, पटले नव्हते. शिवाय देलोर्म स्वतःला पिढ्यान्‌पिढ्यांचे तूरकर म्हणवत.

तरीही तिने वाक्य सोडले नाही. त्यांच्याच थंड सुरात ती म्हणाली,

“एकच ठोका, मस्यू. दुसरा कोणासाठी?”

म्हातारा बराच वेळ ओठ जुळवत राहिला. आजारानंतर तो आपणहून काहीच बोलला नव्हता.

“माझ्या... आईसाठी.”

आईला फ्रेंचमध्ये ‘मेर’ म्हणतात; तूरमध्ये तो शब्द एका ठोक्यात संपतो. टेबलावर दोन पडले, तिच्या गावात पडतात तसे.