या फेरीचा खाऊ

राही नाचतच घरात शिरली. "आये, बाबानं खाऊचं पैसं दिलं!" तिच्या मुठीत पन्नासची नोट होती.

भाकरी थापता थापता पूनमचा हात थांबला.

मुरुडच्या त्यांच्या कोळीवाड्यात बाप पोरांना खाऊचे पैसे देतो ते दर्यावरून परतल्यावर, जाताना कधीच नाही. पोरांचं देणं राहिलं की दर्याला माणूस माघारी धाडावाच लागतो, असं सासू सांगायची. मोरूही दर वेळी राहीची पापी घ्यायचा, "आलो की देईन" म्हणायचा आणि निघायचा.

"आज आधीच कसं दिलं गं?"

"म्हनला, या फेरीचं आताच घे."

मागच्या फेरीला बोटीचं मशीन भर दर्यात बंद पडलं होतं. काल तिनं विचारलं तेव्हा मोरू हसून म्हणाला होता, "झालंय नीट. तू उगा घोर करू नको."

पूनमनं नोट हिसकावून घेतली. पोर रडायला लागली, तिला तशीच टाकून ती अनवाणी धावत सुटली. नोट त्याच्या खिशात कोंबायची आणि "आल्यावर दे" म्हणायचं, बस, एवढंच.

ती धक्क्यावर पोहोचली तेव्हा बोट दर्यातल्या पद्मदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे गेली होती. धक्क्याच्या टोकाला त्याच बोटीवरच्या बाकीच्या खलाशांच्या बायका तिच्या आधीच येऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीत पोरांकडून हिसकावलेली नोट होती.