खिचडीतला कांदा

"वाचता ना? मग दोन शब्द लिहा की!" शलाकाने आपल्या पाककृतींच्या ब्लॉगवर विनवून पाहिलं, रुसून पाहिलं. वाचक यायचे, वाचायचे आणि मुकाट निघून जायचे, अगदी सासूबाई जेवून उठायच्या तसे.

शेवटी एकादशीच्या सकाळी तिने साबुदाण्याच्या खिचडीची कृती टाकली आणि मुद्दाम लिहिलं, 'फोडणीत बारीक चिरलेला कांदा परतून घ्या.'

चहा होईपर्यंत ब्लॉगवर रणकंदन माजलं. "उपासाला कांदा?" "अहो, देवाला तरी घाबरा!" हसून हसून शलाकाची पुरेवाट झाली.

इतक्यात आणखी एक प्रतिक्रिया आली. "कांदा काढ आधी! इतकं सुरेख लिहितेस रोज, आज काय झालं तुला?"

खाली नाव सासूबाईंचं. त्या तर आत जपाला बसल्या होत्या!